‘ओ’ला ‘ओ’ का चालेना?

प्रश्न : माझ्या आईचा रक्तगट आजवरच्या सगळ्या रिपोर्टांवर ओ पॉझिटिव्ह आहे. वडिलांचाही ओ पॉझिटिव्ह. माझा मात्र बी पॉझिटिव्ह, आणि त्यावरून घरात पूर्वी नको ते बोलणे झालेले आहे. आता आईचे गर्भपिशवीचे ऑपरेशन ठरले, तर रक्तपेढीतली ओ पॉझिटिव्हची एकही पिशवी तिला जुळेना. ‘बॉम्बे असण्याची शक्यता’ असे सांगून त्यांनी नमुना मुंबईला पाठवला आहे. ओ तर सर्वांना चालते म्हणतात, मग ओला ओच का चालत नाही? बॉम्बे म्हणजे आजार आहे का? आम्हा भावंडांनी काय करायचे?
(एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : बॉम्बे हा आजार नाही. अशा माणसाची तब्येत चारचौघांसारखीच असते. अडचण येते ती रक्त चढवायची वेळ आली की. आणि तुमच्या घरात जे बोलणे झाले ते आता कायमचे थांबायला हवे. आईचा गट बॉम्बे ठरला, तर ओ आई आणि ओ वडील यांच्या पोटी बी गटाचे मूल येण्यात काहीही वावगे नाही. उलट तुमचा बी हाच आईच्या बॉम्बे असण्याचा पहिला पुरावा होता, पण तो कुणी ओळखला नाही. रक्तगटाच्या कागदावरून बाईच्या चारित्र्याचा निवाडा करणारे लोक अजूनही भेटतात, म्हणून हे सगळ्यात आधी लिहिले. आता ते कसे घडते ते पाहू.

कार्ल लँडस्टायनर यांनी व्हिएन्नामध्ये आपले आणि प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचे रक्त घेतले, एकाचा रक्तद्रव दुसऱ्याच्या लाल पेशींत मिसळला आणि कुठे गुठळ्या होतात, कुठे होत नाहीत याची नोंद केली. १९०१ साली त्यांनी तीन गट मांडले. चौथा एबी पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. या कामासाठी लँडस्टायनरना १९३० साली नोबेल मिळाले आणि १४ जून हा त्यांचा जन्मदिवस आज जगभर रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो. त्यांच्या आधी रक्त चढवणे हा निव्वळ नशिबाचा खेळ होता. लंडनचे प्रसूतितज्ज्ञ जेम्स ब्लंडेल यांनी १८१८ सालापासून माणसाचे रक्त माणसाला देऊन पाहिले. काही बाळंतिणी वाचल्या, काही गेल्या, आणि असे का होते ते कुणालाच कळत नव्हते.

गुठळ्या होण्याचे कारण लाल पेशीच्या पृष्ठभागावर असते. तिथे साखरेच्या छोट्या छोट्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाशी फ्यूकोज नावाची साखर बसली की त्या रचनेला ‘एच’ म्हणतात. हे एच म्हणजे घराचे जोते समजा. ए जनुक असेल तर जोत्यावर एका जातीची साखर चढते, बी जनुक असेल तर दुसऱ्या जातीची, दोन्ही असतील तर दोन्ही. ओ जनुक काहीच चढवत नाही, जोते तसेच उघडे राहते. म्हणजे ‘ओ गटाच्या पेशींवर काहीच नसते’ हे जे आपण ऐकत आलो ते खरे नाही. ए आणि बी नसतात, पण एच असते, आणि ते इतर सगळ्या गटांपेक्षा जास्त असते.

आता मुख्य गोष्ट. जोते बांधणारे जनुक वेगळे आणि त्यावरचे ए किंवा बी चढवणारे वेगळे. पहिले एकोणिसाव्या गुणसूत्रावर, दुसरे नवव्यावर. एखाद्याला आईकडून आणि वडिलांकडून एचचे निकामी जनुकच मिळाले, तर त्याच्या लाल पेशीवर जोतेच बनत नाही. मग त्याच्याजवळ बी जनुक अगदी धडधाकट असले तरी ते साखर चढवणार कशावर? तपासणीत ए दिसत नाही, बी दिसत नाही, आणि रिपोर्टावर ‘ओ’ उमटते. हाच बॉम्बे गट. ते न दिसणारे बी जनुक मुलाला मिळू शकते. मुलाला वडिलांकडून एचचे चांगले जनुक मिळते, त्याचे जोते व्यवस्थित बांधले जाते आणि त्यावर आईचे बी उजळ माथ्याने दिसू लागते. तुमच्या बाबतीत हेच झालेले असणार.

ओला ओ न चालण्याचे कारणही यातच आहे. आपल्या पेशींवर जी साखर नाही तिच्याविरुद्ध आपले शरीर प्रतिपिंडे तयार ठेवते. आतड्यातल्या जिवाणूंवर अशाच प्रकारच्या साखरा असतात; त्यांच्याशी गाठ पडून जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ही प्रतिपिंडे बनू लागतात, त्यासाठी आधी रक्त चढवलेले असावे लागत नाही. ए गटाच्या माणसात बीविरुद्ध, बी गटाच्या माणसात एविरुद्ध, ओ गटात दोन्हींविरुद्ध. बॉम्बे गटात ए, बी आणि एच अशा तिघांविरुद्ध. आणि एच सर्वांत जास्त असते ओच्या पेशींवर! तुमच्या आईंना ओची पिशवी लावली असती, तर त्या पेशी शिरेतच फुटू लागल्या असत्या. हुडहुडी भरते, ताप चढतो, कंबर दुखू लागते, लघवी लालसर काळपट होते, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडे बंद पडू शकतात. ज्या तंत्रज्ञाने ‘जुळत नाही’ म्हणून पिशवी परत ठेवली त्याचे मनापासून आभार माना.

हा गट जगात पहिल्यांदा ओळखला गेला तो मुंबईत, म्हणून त्याला शहराचे नाव. परळच्या केईएम रुग्णालयात आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात काम करणारे डॉ. वाय. एम. भेंडे, त्यांचे सहकारी डॉ. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांना अशी तीन माणसे आढळली, ज्यांच्या पेशी ओसारख्या वागत होत्या आणि ज्यांचा रक्तद्रव मात्र ओच्या पेशींनाही गोळा करत होता. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या रक्तगटतज्ज्ञांच्या साथीने त्यांनी हे निरीक्षण १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापले. एच हे ए आणि बीच्या पायाशी असते, ही समज पक्की व्हायला या तीन मुंबईकरांच्या रक्ताचा फार मोठा हातभार लागला. रक्तगटशास्त्राच्या जगातल्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात परळचे हे काम आहे, आपल्या शाळेच्या पुस्तकात मात्र ते ठळकपणे यायला हवे होते असे मला वाटते. पुढे त्याच आवारात रक्तगटांचे राष्ट्रीय संदर्भ केंद्र उभे राहिले. आजची राष्ट्रीय प्रतिरक्षारुधिरशास्त्र संस्था ती हीच, आणि भाटिया तिचे संस्थापक संचालक. दुर्मिळ रक्तगटांच्या दात्यांची राष्ट्रीय नोंदही याच संस्थेत ठेवली जाते. भारतात साधारण १०,००० माणसांत एक बॉम्बे गटाचा असावा असा अंदाज सांगतात. युरोपात तेच प्रमाण दहा लाखांत एक इतके खाली येते.

मग इतकी वर्षे आईच्या रिपोर्टावर ओ कसे छापले जात होते? कारण शिबिरात किंवा छोट्या लॅबमध्ये बहुतेक वेळा निम्मीच तपासणी होते. काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब, एकावर निळे द्रावण, दुसऱ्यावर पिवळे, तिसऱ्यावर रंग नसलेले. निळे ते एविरुद्धचे, पिवळे बीविरुद्धचे, तिसरे आरएचसाठी, म्हणजे पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते पाहायला. पट्टी हलवत राहायची. जिथे जुळणी आहे तिथला तांबडा थेंब रवाळ होतो, मधे निवळ पाणी दिसू लागते. निळ्या-पिवळ्यात दोन्हीकडे थेंब तसाच एकसंध राहिला की लिहायचे ओ. ही झाली पेशींची तपासणी. उरलेली निम्मी म्हणजे रक्तद्रवाची तपासणी: माणसाचा रक्तद्रव घेऊन त्यात माहीत असलेल्या ए, बी आणि ओ पेशी टाकून पाहायच्या. साध्या ओ माणसाचा रक्तद्रव ओच्या पेशींना हात लावत नाही. बॉम्बेचा लावतो. नळीच्या तळाशी पेशींचा घट्ट गोळा दिसला की अनुभवी तंत्रज्ञाला शंका येते. शिक्कामोर्तब करायला एचविरुद्धचे द्रावण वापरतात. ते ‘युलेक्स’ नावाच्या पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपाच्या बियांपासून काढतात. इंग्रजांनी आणलेले हे झुडूप निलगिरीत आता रान माजवून आहे. बियांतून रक्तगट ओळखण्याची ही विद्या आपल्या स्वयंपाकघरापासूनही लांब नाही: ए गटाचा एक उपप्रकार ओळखायला जे द्रावण लागते ते कुळथाच्या बियांचे. जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ साली ‘करंट सायन्स’ या आपल्याकडच्याच नियतकालिकात ते जाहीर केले.

या सगळ्यावर शेवटची चाळणी असते क्रॉसमॅचची, म्हणजे रुग्णाचा रक्तद्रव आणि पिशवीतल्या पेशी प्रत्यक्ष एकत्र करून पाहण्याची. न्यूयॉर्कमध्ये रूबेन ऑटनबर्ग यांनी १९०७ च्या सुमारास ती सुरू केली, आणि आजही रक्त लावायचे की नाही हे तीच ठरवते. गाडीच्या लायसन्सवर, गळ्यातल्या ओळखपत्रावर लिहिलेला गट पाहून कुठलाही जबाबदार डॉक्टर रक्त लावत नाही. नातेवाईक रक्तपेढीच्या खिडकीशी ‘गट माहीत आहे हो, द्या ना लवकर’ म्हणून घाई करतात. त्यांची तगमग समजते, पण तो पाऊणएक तास वाचवायचा नसतो.

‘ओ सर्वांना चालते’ याबद्दलही एवढे लक्षात ठेवा की ते फक्त ओ निगेटिव्हच्या लाल पेशींपुरते, आणि जिवावरचा प्रसंग असून गट तपासायलाही वेळ नसेल तेव्हापुरते आहे. ओच्या रक्तद्रवात एविरुद्ध आणि बीविरुद्ध प्रतिपिंडे असतातच. त्यामुळे रक्तद्रव देताना हिशेब उलटा होतो, तिथे एबी सर्वांना चालतो.

आता तुम्ही काय करायचे. तुम्ही भावंडे बहुधा आईला रक्त देऊ शकणार नाही, कारण तुमच्या पेशींवर एच आहे आणि भावंडांच्याही असण्याचीच शक्यता जास्त. हे ऐकून मुलांना वाईट वाटते, पण ते तसेच आहे. आईची सख्खी भावंडे, म्हणजे तुमचे मामा आणि मावश्या, यांची मात्र तपासणी आजच करून घ्या. आईचे आईवडील दोघेही एका निकामी जनुकाचे वाहक असतील, तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला बॉम्बे होण्याची शक्यता चारात एक असते. नात्यात लग्ने झालेल्या घराण्यांत, मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असलेल्या घरांत, दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो. तुमची स्वतःची चिंता नको: तुम्ही वाहक आहात, पण तुमचे रक्त साधे बी आहे आणि तुम्हाला बीचेच रक्त चालेल.

ऑपरेशन ठरवून करायचे आहे हे तुमच्या हातातले मोठे बळ आहे. अशा बायकांचे अंगावरून बरेच जात असते, हिमोग्लोबिन उतरलेले असते. ते आधी लोहाच्या गोळ्यांनी किंवा सलाइनमधून लोह देऊन भरून काढता येते, मग कदाचित रक्त लागणारही नाही. हिमोग्लोबिन पुरेसे वर आले तर आईचेच रक्त आधी काढून तिच्यासाठीच ठेवता येते. प्रचलित पिशवीत ते ३५ दिवस टिकते. ऑपरेशनची तारीख रक्तपेढीला विचारून ठरवा, आधी तारीख आणि मग रक्ताची शोधाशोध असे करू नका. गट पक्का झाला की तो लॅमिनेट करून आईच्या पर्समध्ये ठेवा आणि प्रत्येक नव्या दवाखान्यात पायरी चढतानाच सांगा. नातेवाइकांत कुणी बॉम्बे निघाले, तर त्यांनी शिबिरात जाऊन रक्त देऊ नये. त्यांच्या लाल पेशी बहुतेकांना चालण्यासारख्या असतात, पण त्यांना स्वतःला चालते ते फक्त आपल्यासारख्यांचेच रक्त. म्हणून दुर्मिळ दात्यांच्या यादीत नाव घालावे आणि बोलावणे येईल तेव्हा द्यावे. अशा हाकेवर रात्रीची गाडी पकडून दुसऱ्या गावी जाणारे दाते आपल्या राज्यात आहेत, त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

प्रश्न : माझ्या मुलीचा आणि ज्या मुलाशी तिचे लग्न ठरते आहे त्याचा रक्तगट एकच, ए पॉझिटिव्ह. ‘एकच गट असला की मुले अधू होतात’ असे मुलाच्या आत्याने सांगितल्यापासून बोलणी थांबली आहेत. यात तथ्य आहे का?
(एक आई, नगर)

उत्तर : तसूभरही नाही. नवरा-बायकोचा गट एकच असणे ही गर्भासाठी सगळ्यात निर्धोक जोडी. एकच रक्तगट म्हणजे एकच गोत्र किंवा जवळचे नाते नव्हे. भारतात चार मुख्य गटांत कोट्यवधी माणसे वाटलेली आहेत, एकच गट असलेली जोडपी प्रत्येक चाळीत सापडतील. बोलणी पुढे चालू द्या.

जपायचे असते ते वेगळ्याच जोडीला: बायको निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह. ही गोष्ट ध्यानात आली ती एका नवरा-बायकोमुळेच, आणि योगायोगाने दोघेही ओ गटाचे होते. न्यूयॉर्कमधल्या एका बाईला मृत मूल झाले, तिला नवऱ्याचे रक्त चढवले आणि तिला जीवघेणी प्रतिक्रिया आली. ओला ओच दिले होते! फिलिप लेव्हिन आणि स्टेटसन यांनी १९३९ साली याचा खुलासा असा केला की बाळाच्या पेशींवर वडिलांकडून आलेले काहीतरी आहे, जे आईत नाही, आणि गर्भारपणात आईच्या शरीराने त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवली आहेत. पुढच्या वर्षी लँडस्टायनर आणि वीनर यांच्या कामातून त्याला आरएच हे नाव मिळाले. आपण पॉझिटिव्ह-निगेटिव्ह म्हणतो ते याचेच.

निगेटिव्ह आईचे पहिले पॉझिटिव्ह बाळ बहुधा सुखरूप जन्मते, कारण बाळाचे रक्त आईत मिसळते ते मुख्यतः बाळंतपणाच्या वेळी. दुसऱ्या खेपेला मात्र तयार असलेली प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात आणि त्याच्या लाल पेशी फोडतात; बाळ पंडुरलेले, जबर काविळीचे निपजते, कधी पोटातच जाते. हे टाळणारे अँटी-डी इंजेक्शन १९६८ पासून उपलब्ध आहे. आईच्या रक्तात प्रतिपिंडे आधीच तयार झालेली नाहीत हे कूम्ब्स तपासणीने पाहून ते साधारण २८व्या आठवड्यात देतात आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. आपल्याकडे निगेटिव्ह माणसे शंभरात पाचच्या आसपास, त्यामुळे हा विषय घरोघरी निघत नाही. ज्या ठिकाणी चूक होते ते मला कळकळीने सांगायचे आहे: गर्भपात झाला, केला, किंवा गर्भ नळीत राहिला, तरी निगेटिव्ह बाईला हे इंजेक्शन लागेल का हे विचारलेच पाहिजे. ‘मूल झालेच नाही, मग इंजेक्शन कशाला’ असे म्हणून ते राहून जाते आणि पुढच्या बाळाला भोवते. आत्याबाईंनी काळजी वाहायचीच असेल तर घरातल्या निगेटिव्ह सुनांची वाहावी.

प्रश्न : रक्तपेढीतल्या अनोळखी माणसाच्या रक्तापेक्षा सख्ख्या भावाचे ताजे रक्त चांगले नाही का? डॉक्टर नको म्हणतात.
(एक वाचक, नांदेड)

उत्तर : डॉक्टर बरोबर सांगतात. पिशवीत लाल पेशींबरोबर दात्याच्या काही पांढऱ्या पेशीही जातात. परक्या माणसाच्या असल्या तर रुग्णाचे शरीर त्यांना ओळखून संपवते. जवळच्या नातेवाइकाच्या पेशी इतक्या सारख्या असू शकतात की रुग्णाचे शरीर त्यांना आपलेच समजून राहू देते, आणि त्या पेशी मात्र रुग्णाला परका समजून त्याच्या त्वचेवर, आतड्यावर, यकृतावर, अस्थिमज्जेवर तुटून पडतात. हे क्वचित घडते, पण घडले तर रुग्ण वाचणे फार अवघड. म्हणून रक्ताच्या नातेवाइकाचे रक्त द्यावेच लागले, तर पिशवीला आधी किरणांचा मारा देऊन त्या पांढऱ्या पेशी निष्प्रभ करतात. रक्त जितके ताजे तितक्या त्या पेशी जोमदार, हेही ‘ताजे’ मागणाऱ्यांना माहीत असावे. मुले व्हायची आहेत अशा बाईला नवऱ्याचे रक्तही शक्यतो देत नाहीत. कारण वरच्या उत्तरात आलेच आहे.

दुसरी बाब जास्त नाजूक. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, गुप्तरोग आणि मलेरिया या तपासण्या प्रत्येक पिशवीच्या होतात, पण नुकताच झालेला संसर्ग काही काळ तपासणीत दिसत नाही. म्हणून दात्याने आपणहून खरे सांगणे फार मोलाचे. शिबिरात आपखुशीने आलेला माणूस ‘आज नको’ म्हणून निघून जाऊ शकतो. दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळे नातेवाईक तोंडाकडे बघत असताना भावाला ते सांगता येत नाही. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशभर बंदी आली, तीही याच काळजीपोटी. रक्तपेढी जे पैसे घेते ते तपासण्यांचे, पिशवीचे आणि साठवणीचे.

भावाला द्यायचेच आहे तर रक्तपेढीत जाऊन जरूर द्यावे, ते दुसऱ्या कुणाला लागेल. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा हवे. एका पिशवीचे लाल पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा असे तीन भाग होतात. त्यातल्या प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, त्यामुळे डेंग्यूच्या दिवसांत आणि मे महिन्यात, कॉलेजे बंद असताना, गेलेला दाता सगळ्यात उपयोगी पडतो. एकदा दिल्यावर पुरुषाला ९० दिवसांनी आणि बाईला १२० दिवसांनी पुन्हा देता येते.